सातव्या महिन्यातले तैवान

सोमवार, १ सप्टेंबर २०२५, तैपेई

बँकॉकला विमान बदलून दुपारी ताओयुआनला उतरले आणि घड्याळ अडीच तास पुढे केले. भाची न्यायला आली होती. ती तैपेईत पीएचडी करते आहे. "मावशी, हॉटेलात उतरून तैवान कळत नाही, माझ्याकडे राहायला ये," हे तिचे पालुपद गेली दोन वर्षे चालू होते. त्यामुळे या प्रवासात प्रेक्षणीय स्थळे फारशी झाली नाहीत. तैपेई १०१ ही उंच इमारत मी लांबूनच पाहिली आणि त्याची हळहळही वाटली नाही.

विमानतळावरून मेट्रोने मुख्य स्थानक, तिथून शहराची मेट्रो. फलाटावर रांगेच्या रेषा आखलेल्या आणि माणसे खरोखरच त्या रेषांवर उभी. गाडीत काही खायचे नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही. दंड १,५०० ते ७,५०० तैवानी डॉलर. गडद निळी आसने वयस्कर, गरोदर आणि आजारी माणसांसाठी. डबा भरलेला होता तरी त्यातली दोन आसने मोकळी आणि शाळेची मुले दप्तरे घेऊन त्यांच्यासमोर उभी. या आसनांवरून अलीकडे वादही झाले आहेत, कारण ज्यांचा आजार बाहेरून दिसत नाही अशा तरुणांना तिथे बसल्याबद्दल बोलणी खावी लागली.

मला सगळ्यात भिडल्या त्या स्थानकांच्या घोषणा. मँडरिन, इंग्रजी, तैवानी होक्किएन आणि हाक्का अशा चार भाषांत त्या होतात. सार्वजनिक वाहनांतल्या घोषणांमध्ये इथल्या भाषांना समान स्थान देणारा कायदा २००० साली झाला. त्याआधीचा इतिहास वाईट आहे. १९४९ ते १९८७, तब्बल अडतीस वर्षे या बेटावर लष्करी कायदा होता. शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलांना दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवून उभे केले जायचे. आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसांनी हे सोसले आहे. ज्या भाषेसाठी मार खाल्ला, ती आता सरकारी गाडीतून मोठ्याने ऐकू येते. हे फार उशिरा झाले, पण झाले.

रात्री नऊच्या सुमारास गल्लीत पियानोचे सूर वाजू लागले. बेथोव्हेनचे 'फ्यूर एलिझे'. "मावशी, चप्पल घाल, गाडी आली!" म्हणत भाची पिशव्या उचलून जिन्याने सुटली. बेथोव्हेन वाजवत आलेली ती पिवळी गाडी कचऱ्याची होती. तैपेईत रस्त्यावर कचराकुंड्या फार क्वचित दिसतात. कचरा जमिनीला टेकवायचा नाही, आपल्या हाताने गाडीत टाकायचा, असा इथला दंडक आहे. गाडी ठरलेल्या कोपऱ्यावर ठरलेल्या वेळी येते, काही मिनिटे थांबते आणि पुढे जाते. बुधवारी आणि रविवारी येत नाही.

कोपऱ्यावर वीस-पंचवीस माणसे आधीच जमलेली. ऑफिसच्या कपड्यांतला गृहस्थ, केसांना टॉवेल गुंडाळलेली मुलगी, शाळकरी पोर, दोन म्हाताऱ्या. प्रत्येकाच्या हातात पालिकेची निळी पिशवी. ही पिशवी दुकानातून विकत घ्यायची. २००० सालापासून तैपेईत कचऱ्याचे शुल्क या पिशवीच्या किमतीतच वसूल होते. जितका कचरा जास्त तितक्या पिशव्या जास्त, तितका खर्च जास्त. मागोमाग पुनर्वापराच्या मालाची गाडी. सोमवारी आणि शुक्रवारी कागदासारखा सपाट माल, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी बाटल्या आणि डबे. ओल्या कचऱ्यासाठी दोन पिंपे: उरलेले शिजवलेले अन्न एकात, ते तेव्हा डुकरांच्या खाद्याला जायचे; साली आणि देठे दुसऱ्यात, त्यांचे खत होते. भाचीने उरलेला वरणभात एका पिंपात उपडा केला, कलिंगडाच्या साली दुसऱ्यात टाकल्या, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. गाडीवरच्या माणसाने मान हलवून दाद दिली.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तैवानला 'कचऱ्याचे बेट' म्हणत. कचऱ्याचे डोंगर वाढत होते आणि टाकायला जागा उरली नव्हती. त्यामुळे 'त्यांच्या रक्तातच शिस्त आहे' हे आपल्याकडचे लाडके वाक्य मला पटत नाही. रोज ठरलेल्या वेळी गाडी येते म्हणून लोक ठरलेल्या वेळी खाली उतरतात. आधी सोय चोख झाली, मग सवय लागली.

गाडी गेली तरी बायका लगेच पांगल्या नाहीत. भाचीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, सगळे त्यांना 'आमा' म्हणतात. आमांची काळजी घेणारी, इंडोनेशियातल्या जावा बेटावरून आलेली मुलगी कचरा टाकून झाल्यावर शेजारच्या इमारतीतल्या तिच्यासारख्याच दोघींशी बोलत उभी राहिली. दिवसभरात तिला घराबाहेर मिळणारी मोकळी वेळ बहुतेक एवढीच, असे भाची म्हणाली.

मंगळवार, २ सप्टेंबर, तैपेई

सकाळी न्याहारीच्या दुकानात. इथे घरी न्याहारी करणारे कमी; कोपऱ्याकोपऱ्यावर पहाटे उघडून दुपारपर्यंत बंद होणारी दुकाने आहेत. गरम सोयाचे दूध, तिळाची खुसखुशीत भाकरी आणि तिच्या पोटात लांबट तळलेली कुरकुरीत काठी. मालकीणबाई एका हाताने पीठ लाटत होत्या आणि दुसऱ्या हाताने तव्यावरचे उलटत होत्या. पैसे देताना आणि घेताना दोन्ही हात पुढे करायचे. दहा डॉलरची सुटी नाणीसुद्धा त्यांनी माझ्या हातात दोन्ही हातांनी ठेवली.

मी अंडेही खात नाही, त्यामुळे माझ्या जेवणाची भाचीच्या आईला फार चिंता होती. तैवानमध्ये ती चिंता करू नये. शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली आहेत आणि पुष्कळांच्या पाटीवर चक्क स्वस्तिक असते, बौद्ध खूण म्हणून. दुपारी जिथे जेवलो तिथे पन्नासेक पदार्थ मांडलेले होते. हवे ते ताटात घ्यायचे, मग वजन करून पैसे. कमळाचे देठ, समुद्री शेवाळ, आले घातलेले वांगे, आणि टोफूचे इतके प्रकार की मी शेवटी नावे विचारणे सोडून दिले. पाकीटबंद वस्तूंवर शाकाहाराची वर्गवारी छापलेली असते: निव्वळ वनस्पतिजन्य, दूध असलेले, अंडे असलेले, दोन्ही असलेले, आणि पाच उग्र वासाच्या वनस्पती असलेले. कडक शाकाहारी बौद्ध माणूस या पाच वर्ज्य मानतो. त्यांत कांदा आणि लसणाच्या जातीच्या वनस्पती येतात आणि पाचवा हिंग. हिंग इथे कुणाच्या स्वयंपाकघरात नसतो, तरी पूर्वी ग्रंथांबरोबर भारतातून आलेली ती यादी अजून तशीच पाळली जाते. बरेच जण फक्त चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार करतात. म्हणजे या शनिवारी खाणावळीत गर्दी असणार.

जेवून भाचीच्या प्रयोगशाळेत गेलो तर दिवे मालवलेले. पोरे टेबलावर छोट्या उशा ठेवून, त्यांवर डोके टेकून झोपलेली. एकाने घडीची खाट आणून ठेवली होती. दुपारची ही डुलकी शाळेपासून लावलेली असते, वर्गात सगळ्या मुलांना एकदम झोपवतात. आम्ही अर्धा तास बाहेर बाकावर बसून राहिलो. काम करणाऱ्या माणसाला दुपारी झोप येते हे मान्य करून तिची वेळ ठरवून देणे मला फार शहाणपणाचे वाटले.

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली घेतली. अशी चोवीस तास उघडी दुकाने या देशात तेरा हजारांहून जास्त आहेत. विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, पार्सल, छपाई, सगळे तिथे होते. गल्ल्याशेजारी चहाच्या पाण्यात उकळत ठेवलेल्या अंड्यांचे भांडे असते आणि त्याचा वास दारातच येतो. बाटलीबरोबर मिळालेली पावती मी टाकून देणार तोच भाचीने हात धरला. वर ठळक अक्षरांत ११४ साल, ९-१० महिना असे छापलेले. ११४ कारण इथले सरकारी वर्ष १९१२ पासून मोजतात. खाली आठ आकडी क्रमांक, तो सोडतीचा. १९५१ मध्ये सरकारने ही युक्ती काढली. प्रत्येक पावती म्हणजे लॉटरीचे तिकीट, त्यामुळे गिऱ्हाईक हटकून पावती मागते आणि दुकानदाराला विक्री लपवता येत नाही. दर दोन महिन्यांनी, विषम महिन्याच्या २५ तारखेला सोडत. सर्वांत मोठे बक्षीस एक कोटी डॉलर, सर्वांत लहान २०० डॉलर. गल्ल्याजवळ पारदर्शक पेटी होती, त्यात पावत्या साठलेल्या. सेवाभावी संस्थेचे लोक त्या गोळा करतात, सोडतीनंतर एकेक क्रमांक ताडून पाहतात आणि लागलेले पैसे अपंगांच्या, अनाथांच्या कामाला लावतात. माझी सोडत २५ नोव्हेंबरला होती. मी पावती पेटीत टाकली.

बुधवार, ३ सप्टेंबर, ताइनान

तैपेई ते झुओयिंग हा द्रुतगती रेल्वेचा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा मार्ग २००७ मध्ये सुरू झाला. ताइनान त्याच्या जवळजवळ शेवटाला, पावणेदोन तासांवर. स्थानक शहराबाहेर आहे, तिथून साधी लोकल पकडावी लागते. बेटाच्या पश्चिम किनाऱ्याची सपाट पट्टी खिडकीतून सरकत जाते: भातखाचरे, गोदामे, पत्र्याच्या छपरांची घरे, पुन्हा भातखाचरे. पूर्वेला सतत डोंगर.

ताइनान सगळ्यात जुने शहर. १६२४ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी इथे आली, अनपिंगला किल्ला बांधला. १६६२ मध्ये चीनच्या मिंग घराण्याच्या बाजूने लढणाऱ्या कोशिंगा या सेनानीने त्यांना घालवले. पुढे चीनच्या छिंग घराण्याचे राज्य आणि १८९५ पासून १९४५ पर्यंत जपानी अंमल. किल्ल्याच्या जुन्या भिंतीला वडाच्या जातीच्या झाडाची मुळे लपेटलेली आहेत. ऊन कडक होते, तिथे फार थांबलो नाही.

थांबलो ते थोरल्या माझू मंदिरात. माझू ही समुद्राची देवी. समोरच्या, चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरून जहाजांबरोबर इकडे आली. मिंग घराण्याच्या शेवटच्या राजपुत्राचा वाडा होता, त्याचे १६८४ मध्ये हे देऊळ झाले. आत धूप, लाल मेणबत्त्या, फळांचे ढीग, आणि सतत खट्-खट् आवाज. तो आवाज चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लाकडी तुकड्यांचा. लाल रंगाचे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. प्रश्न मनात धरायचा, नाव आणि पत्ता देवीला सांगायचा, आणि तुकडे जमिनीवर सोडायचे. एक सपाट, एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर वर तर नकार. दोन्ही सपाट वर तर देवी हसली, प्रश्न नीट विचारून पुन्हा ये. बांबूच्या काड्यांतून भविष्याची काडी ओढायची असेल तर ती काडी तुमचीच का, हे विचारून लागोपाठ तीन होकार मिळवावे लागतात.

माझ्यासमोर पंचविशीतली एक मुलगी गुडघ्यांवर बसली होती, पाठीला लॅपटॉपची पिशवी. तिला दोन होकार मिळाले आणि तिसऱ्या खेपेला देवी हसली. तिने काडी परत ठेवली, दुसरी ओढली, पुन्हा पहिल्यापासून. शेजारी ताटकळणारी माणसे सरकली, तिला जागा दिली. चौथ्या की पाचव्या काडीला तीन होकार आले. मग खणांच्या कपाटातून तिने आपल्या क्रमांकाची चिठ्ठी काढली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली. तिथे देवळाचे एक म्हातारे सेवेकरी चिठ्ठीतल्या जुन्या कवितेचा अर्थ सांगायला बसतात. नोकरी बदलू का, असा तिचा प्रश्न होता. भाचीला ऐकू आले. आजोबांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि आधी तिला पगार विचारला, घरी कोण आहे विचारले, मग बोलले. दहा मिनिटे. पैसे घेतले नाहीत.

देवळाच्या कडेला चहाचे पिंप आणि पेले ठेवलेले. वाटसरूला चहा ठेवण्याची ही रीत जुनी आहे. पूर्वी रस्त्याकडेच्या झाडाखालीही मातीचे माठ असत. सामान पोचवणारा एक पोरगा स्कूटर लावून आत आला, देवीला हात जोडले, चहा प्यायला आणि गेला.

गुरुवार, ४ सप्टेंबर

ताइनानचे जेवण गोड. भाजीत, सॉसमध्ये, सगळ्यात साखर. हा भाग उसाचा, आणि एके काळी साखर घालणे हे ऐपतीचे लक्षण होते. मला दोन जेवणांत पुरे झाले. दुपारी आंब्याचा बर्फ खाल्ला, तो मात्र अजून आठवतो. संध्याकाळच्या गाडीने परत.

शुक्रवार, ५ सप्टेंबर, कीलुंग

चांद्र पंचांगाचा सातवा महिना चालू होता. या महिन्यात पाताळाचे दार उघडते आणि भुके आत्मे महिनाभर माणसांत वावरतात, अशी इथली श्रद्धा आहे. लग्न करत नाहीत, घर बदलत नाहीत, रात्री कपडे बाहेर वाळत घालत नाहीत, मुलांना पाण्यात पोहायला सोडत नाहीत. त्यांना भूत म्हणत नाहीत, 'चांगले भाऊ' म्हणतात. आल्या दिवसापासून मी दुकानांसमोर, बँकेसमोर, अगदी संगणकाच्या कंपन्यांसमोरही नैवेद्याची टेबले पाहत होते. पण या महिन्याचे मोठे ठिकाण कीलुंग, तैपेईपासून लोकलने पाऊण तासावरचे बंदर.

कीलुंगची हकिगत भाचीने गाडीतच सांगितली. फूच्येनच्या दोन भागांतून, चांगचौ आणि छ्वानचौहून, लोक इथे येऊन वसले. जमीन, पाणी आणि धक्क्यावरून त्यांच्यात मारामाऱ्या पेटल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या एका दंगलीत शंभरावर माणसे मेली. प्रेते कोणती कुणाची हे कळेना, तेव्हा सगळ्यांना एकत्र पुरले. मग वडीलधाऱ्यांनी तोड काढली: इथून पुढे मूळ गावावरून नव्हे तर आडनावावरून गट करायचे. लिन, च्यांग, चेन अशा आडनावांचे लोक दोन्हीकडच्यांत होते, त्यामुळे कालचे वैरी एका गटात आले. प्रत्येक वर्षी एका आडनावाने यजमानपद घ्यायचे आणि चुरस लावायची ती मेलेल्यांना जेवू घालण्यात. १८५५ पासून हे चालू आहे. पुरलेल्यांवर नंतर देऊळ झाले; महिन्याच्या पहिल्या दिवशी पाताळाचे दार तिथेच उघडतात आणि आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी बंद करतात.

संध्याकाळी आडनावांची मिरवणूक निघाली. सजवलेले ट्रक, बँड, सिंहनृत्य, शाळांची पथके, प्रत्येक गटापुढे आडनाव लिहिलेला कंदील. मिरवणुकीच्या शेवटी कागदाची घरे: माणसाच्या उंचीची, रंगीत, दारे-खिडक्या असलेली, छपरावर आडनाव. रात्री ती शहराच्या टोकाला बादोउझीच्या समुद्रकाठी नेतात. आम्ही बसने गेलो. हजारो लोक अंधारात वाळूवर उभे. अकराच्या सुमारास पुरोहितांचे मंत्र संपले आणि एकेका आडनावाची तरुण माणसे घर खांद्यावर घेऊन लाटांत उतरली. आत कागदी पैसे ठासून भरलेले. पाणी कमरेपर्यंत आल्यावर घराला आग लावायची आणि ढकलून द्यायचे. ज्या आडनावाचे घर जास्त लांब जाईल त्याचे वर्ष चांगले.

ही पेटती घरे म्हणजे समुद्रात बुडून मेलेल्यांसाठीचे दिवे. उद्या जेवण आहे, किनाऱ्याकडे या, ही त्यांना वाट दाखवण्याची रीत. एक घर पेटूनही काठाशीच घोटाळत राहिले, लाटेने दोनदा परत आणले. गटातला एक माणूस पोहत गेला आणि ते पुढे ढकलून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या आडनावांच्या लोकांनीसुद्धा.

शनिवार, ६ सप्टेंबर, तैपेई

महिन्याची पंधरावी तिथी. योगायोग असा की त्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. सकाळपासून फोनवर घरच्या विसर्जनाचे फोटो येत होते आणि खाली इमारतीसमोर लोक टेबले लावत होते.

दुपारी एकला आमांच्या घरच्या टेबलाला मदत करायला गेलो. घरात देव्हाऱ्याजवळ पूर्वजांचे ताट वेगळे, ते आधी झाले. बाहेरचे टेबल रस्त्याकडे तोंड करून, कारण या पाहुण्यांना घरात बोलवायचे नसते. तांदळाची पिशवी, इन्स्टंट नूडल्स, बिस्किटे, डब्यातले मासे, शीतपेये, बिअर. फळांची ताटे जावाच्या मुलीने रचली. ती मुसलमान, म्हणून डुकराच्या मांसाची ताटे आमांच्या सुनेने आणली. कुणी कुणाला काही सांगितले नाही, कामे आपोआप वाटली गेली. मग प्रत्येक वस्तूवर एकेक उदबत्ती खोचली. प्रत्येक. नूडल्सच्या पाकिटाला भोक पाडून त्यातसुद्धा.

टेबलाच्या कडेला खुर्चीवर पाण्याचे तसराळे होते. शेजारी नवा पांढरा टॉवेल, साबण, कंगवा. मी ते बराच वेळ पाहत राहिले. ही मंडळी लांबून, धुळीतून येतात, जेवायच्या आधी त्यांना हातपाय धुवायला नकोत का, असे आमा म्हणाल्या. सुनेने इंग्रजीत सांगितले. साबण वेष्टनातून काढून ठेवला होता, पाहुण्याला ओल्या हातांनी सोडवायला नको म्हणून. हे सगळे ज्यांच्यासाठी, ते आमांचे कुणीच नव्हते. अपघातात गेलेले, लढाईत मेलेले, मूलबाळ नसलेले, ज्यांच्या नावाने घरात ताट मांडणारे कुणी नाही असे.

आपल्याकडे महालयात पितरांच्या पिंडांबरोबर एक धर्मपिंड ठेवतात, ज्यांचे करायला मागे कुणी उरले नाही त्यांच्यासाठी. आमच्या घरी वडील तो शेवटी, घाईघाईने ठेवत. माझ्याही मनात त्याची जागा तेवढीच होती. इथे त्या अनामिकांसाठी अख्खा महिना, अख्खा रस्ता, आणि घरातल्यांच्या ताटाइतकेच भरलेले टेबल. पितृपक्ष दुसऱ्याच दिवशी लागत होता. वडील गेल्यापासून आमच्याकडे हे सगळे बंद झाले आहे. या वर्षी निदान त्या एका पिंडापुरते मी ते सुरू करणार आहे, असे मी तिथेच ठरवले.

उदबत्त्या विझत आल्या की कागदी पैसे जाळतात. धुराचा त्रास होतो म्हणून तैपेईची पालिका हल्ली ते गोळा करून एकत्र जाळायची सोय करते. आमच्या इमारतीने पिशव्या भरून दिल्या. टेबलावरच्या वस्तू मग वाटून घेतात. तांदूळ आणि डबाबंद माल वेगळा काढून एका संस्थेच्या गाडीत गेला, गरजूंसाठी. पुण्यात तेव्हा मिरवणूक ऐन भरात होती.

रविवार, ७ सप्टेंबर, तैपेई

भाचीने मुद्दाम आजचा दिवस मुख्य स्थानकासाठी राखला होता. वर काचेचे छत, खाली काळ्या-पांढऱ्या चौकटींची विशाल फरशी, आणि एकही बाकडे नाही. रविवारी तिथे इंडोनेशियाची माणसे येऊन बसतात. गोल करून, चपला बाजूला काढून, मध्ये डबे. वाढदिवस, गिटार, मुलांचे व्हिडिओ कॉल. तैवानमध्ये आठ लाखांहून अधिक परदेशी कामगार आहेत, बहुतेक इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपाइन्स आणि थायलंडचे. कारखान्यांत, मासेमारी बोटींवर आणि घराघरांत म्हाताऱ्यांच्या उशाशी. रोज सकाळी बागेत चाकांच्या खुर्च्या ढकलताना मी ज्यांना पाहिले त्या याच मुली. देश झपाट्याने म्हातारा होतो आहे आणि ते म्हातारपण यांच्या हातांवर उभे आहे.

२०२० मध्ये कोविडच्या वेळी या फरशीवर बसायला बंदी झाली आणि रेल्वे ती कायमची करणार अशी बातमी आली. तेव्हा तैवानी लोकच निषेध म्हणून इथे येऊन बसले. बंदी उठली. हे ऐकून बरे वाटले. पण दुसरीही बाजू आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरात राहून रुग्णांची काळजी घेणाऱ्या परदेशी बायका इथल्या मूळ कामगार कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी हे त्यांच्या बाबतीत मालकाशी झालेल्या करारावर अवलंबून. आम्हाला शेजारी बसवून घेऊन तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, खाऊ घालणाऱ्या चौघींपैकी दोघींना महिन्याला एकच रविवार मिळतो. एकीला तोही वर्षभर मिळाला नव्हता. आज तिच्या मालकीणबाई स्वतः सुटी घेऊन आईजवळ बसल्या म्हणून ती आली होती. तिसरीने दलालाला देण्यासाठी काढलेले कर्ज फेडायला दीड वर्ष लागले.

ज्या माणसांनी न पाहिलेल्या पाहुण्यांसाठी साबणाचे वेष्टनही काढून ठेवले, त्याच समाजात हे चालते. भाची म्हणाली, "मावशी, इथल्या संघटना यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढतात गं. पण ज्यांच्या घरी म्हातारे आहेत ते सगळे मतदार आहेत, आणि या बायका नाहीत."

फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत आणि तैवान यांच्यात कामगार पाठवण्याविषयीचा सामंजस्य करार झाला. आपली मुले-मुली इथे येतील तेव्हा त्यांना मेट्रोत जागा मिळेल, देवळात चहा मिळेल, रस्ता विचारला तर माणसे हात धरून पोचवतील, याची मला खात्री आहे. आठवड्याची सुटी आणि दलालीवर मर्यादा मात्र कुणाच्या चांगुलपणावर सोडता येणार नाही. ती कागदावर लिहून घेतल्याशिवाय दिल्लीने एकही माणूस पाठवू नये.